जागलीवरचा माणूस

आमच्या वऱ्हाडात जागल हा शब्द अजून जिवंत आहे. हरभरा घाट्यावर आला, ज्वारी निसवली की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. मग घरातला एक माणूस कंबल, काठी आणि कंदील घेऊन माळ्यावर जातो आणि रात्रभर आवाज देत बसतो. आता कंदिलाच्या जागी बॅटरी आली, माणूस तोच आहे. पीक घरात आले की गावात चर्चा होते ती किती पोते झाले याची. किती रात्री जागल केली हे कोणी विचारत नाही. मात्र एका रात्री डोळा लागला आणि डुकरांनी शेत लोळवले तर जागल करणाऱ्याचे नाव चार गावांत होते.

हॉकीच्या खेळातल्या अशाच माणसांविषयी आज बोलायचे आहे. त्यांना बचावपटू म्हणतात. जुन्या भाषेत फुलबॅक. बुलढाणा जिल्ह्यात कुस्ती आणि कबड्डीला जो मान आहे तो हॉकीला कधी मिळाला नाही. पण मलकापूरहून भुसावळ, खंडवा, इटारसी असा रूळ धरला की भोपाळ येते, आणि भोपाळ हे हॉकीचे माहेरघर. त्या शहरातल्या एका फुलबॅकची कारकीर्द आपण पाहू. पण त्याच्या आधीची दोन-चार माणसे भेटल्याशिवाय तो पुरता कळणार नाही.

१९२८ साली ॲमस्टरडॅमला भारत पहिल्यांदा ऑलिंपिकची हॉकी खेळला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्या स्पर्धेत भारताने एकूण २९ गोल केले. त्यांतले १४ एकट्या ध्यानचंदांचे. हा आकडा शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. पण त्याच स्पर्धेत भारतावर झालेल्या गोलांची संख्या होती शून्य. ते शून्य गोलरक्षक रिचर्ड ॲलन आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या लेस्ली हॅमंड, मायकेल रॉक यांच्यासारख्या बचावपटूंच्या कमाईचे. १९३६ साली बर्लिनला भारताने ३८ गोल केले आणि खाल्ला फक्त एक, तोही अंतिम सामन्यात. १९५६ साली मेलबर्नला पुन्हा ३८ गोल, आणि विरुद्ध बाजूला पुन्हा शून्य. तीन ऑलिंपिक आणि सगळा मिळून एक गोल! जगाच्या खेळात याला तोड सापडणे कठीण. तरीही आपल्याला आठवतात ते गोल करणारे.

त्या काळी संघाची मांडणी सोपी होती. पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन फुलबॅक आणि शेवटी गोलरक्षक. दोघा फुलबॅकनी सगळा परतीचा रस्ता अडवायचा. समोरून चेंडू घेऊन येणारा माणूस कुठल्या अंगाने वळणार हे त्याच्या पायांवरून ओळखायचे, नेमक्या वेळी काठी घालायची आणि चेंडू दूर धाडायचा. क्षणभर आधी गेले तर समोरचा चकवून निघून जातो. क्षणभर उशीर झाला तर गोल. पुढच्या फळीतला खेळाडू दहादा चुकून अकराव्यांदा गोल करतो आणि नायक होतो. फुलबॅक दहादा वाचवून अकराव्यांदा चुकतो आणि गुन्हेगार ठरतो.

कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. तिथे एका वेळी सहाच जण उतरतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन पुढचे. तिथल्या बचावपटूचा हिशेब बदलला तो बॉबी ऑर या कॅनेडियन खेळाडूने. १९६६ साली वयाच्या अठराव्या वर्षी तो बोस्टनच्या संघात आला. मागे उभा राहून नुसते अडवण्यापेक्षा तो चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती घेऊन थेट पुढे निघायचा. १९७० आणि १९७५ या दोन वर्षी त्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू हा बचावपटू होता. सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याने सलग आठ वेळा घेतला. गुडघ्यांनी दगा दिला आणि १९७८ साली, जेमतेम तिशीत, तो थांबला. पण राखणदाराला गोल करायला कोणी मनाई केलेली नाही, हे त्याने दाखवून दिले. १९७५ हे साल लक्षात ठेवा. आपल्या फुलबॅकचीही तीच घटका आहे.

त्याआधी १९४८. स्वतंत्र भारताचा पहिला हॉकी संघ लंडनला गेला आणि ज्यांचे राज्य नुकतेच संपले होते त्या ब्रिटनला त्यांच्याच राजधानीत ४-० असे हरवून आला. या संघात रणधीरसिंग जेंटल नावाचे बचावपटू होते आणि अख्तर हुसेन नावाचे दुसरे, भोपाळचे. दोघांच्या छातीवर एकच तिरंगा. पुढे अख्तर हुसेन पाकिस्तानात गेले. १९५६ साली मेलबर्नच्या अंतिम सामन्यात भारत आणि पाकिस्तान समोरासमोर आले तेव्हा पाकिस्तानच्या संघात अख्तर हुसेन होते, आणि १९४८ च्या भारतीय संघातलेच लतीफ-उर-रहमान होते. भारताकडे जेंटल होते. सामना भारताने १-० असा जिंकला. तो एकमेव गोल पेनल्टी कॉर्नरवर जेंटल यांनी केला. एका फुलबॅकने.

अख्तर हुसेन यांच्या नावावर भारताचे सुवर्ण आहे आणि पाकिस्तानचे रौप्य. असा माणूस कोणाचा? फाळणीचा इतिहास आपण नकाशे, आकडे आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून वाचतो. मला तो या दोन पदकांत जास्त स्वच्छ दिसतो. त्या काळात कोणी इकडे राहिले, कोणी तिकडे गेले. एका घरातले दोन भाऊ दोन देशांचे झाले. गेलेल्यांचा हिशेब पुरा झाला. राहिलेल्यांना मात्र आपण का राहिलो याचा जबाब पिढ्यान्पिढ्या द्यावा लागला.

आता अस्लम शेर खान. जन्म १९५३, भोपाळ. वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिनच्या विजेत्या संघातले. म्हणजे ध्यानचंदांच्या बरोबरीचे. ज्या घरात ऑलिंपिकचे सुवर्णपदक आहे त्या घरातल्या मुलाने हॉकीची काठी धरली यात नवल नाही. नवल एवढेच की तो मागच्या जागेवर स्थिरावला. तिथे नाव लौकर होत नाही.

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला तिसरा विश्वचषक होता. त्याआधीच्या दोन विश्वचषकांत भारताच्या वाट्याला कांस्य आणि रौप्य आले होते. कर्णधार अजितपालसिंग, व्यवस्थापक बलबीरसिंग सीनियर. फुलबॅकच्या जागी सुरजितसिंग आणि मायकेल किंडो. शिवाजी पवार हे मराठी कानाला ओळखीचे नावही त्या संघात होते. अस्लम एकवीस वर्षांचा होता आणि राखीव खेळाडूंत बसलेला होता. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी. मैदान खच्चून भरलेले आणि मलेशिया २-१ ने पुढे. सत्तर मिनिटांच्या सामन्यातली पासष्टावी मिनिट आली. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बलबीरसिंगांनी किंडोला बाहेर बोलावले आणि अस्लमला आत पाठवले.

बसून राहिलेल्या खेळाडूचे अंग थंड असते. चेंडूला त्या दिवशी त्याची काठी लागलेली नसते. त्याला थेट मैदानात पाठवून, पाच मिनिटे उरली असताना, हुकला तर स्पर्धा संपली असा एक फटका मारायला सांगणे म्हणजे काय, याची कल्पना करा. अस्लमने गळ्यातला तावीज ओठांना लावला. चेंडू आला, अडवला गेला आणि अस्लमच्या फटक्याने गोलात गेला. २-२. जादा वेळेत हरचरणसिंगने तिसरा गोल केला आणि भारत अंतिम फेरीत गेला.

१५ मार्च १९७५ रोजी समोर पाकिस्तान होता. त्यांनी पहिला गोल केला. बरोबरी साधली ती फुलबॅक सुरजितसिंगने, पेनल्टी कॉर्नरवरच. विजयाचा गोल अशोककुमारांचा, ध्यानचंदांच्या चिरंजीवांचा. भारत २-१ ने जिंकला. पुरुषांच्या हॉकीचा विश्वचषक भारताने जिंकला तो तेवढा एकदाच. त्या विजयाच्या वाटेवर दोन ठिकाणी दार बंद होत आले होते आणि दोन्ही वेळा ते एका फुलबॅकने उघडले.

तो तावीज मला फार मोलाचा वाटतो. सुरजितच्या डोक्यावर केसांचा बुचडा, किंडो झारखंडच्या बाजूचा आदिवासी ख्रिस्ती, अस्लमच्या गळ्यात तावीज. मैदानावर जाताना प्रत्येकाने आपला देव बरोबर नेला होता आणि चेंडू सगळ्यांनी मिळून एकाच गोलाकडे ढकलला. यासाठी कोणाला आपली खूण काढून ठेवावी लागली नाही. देश म्हणतात तो माझ्या समजुतीप्रमाणे हाच.

पण कारकीर्द एका फटक्याची नसते. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली. आपली पोरे मातीवर आणि खऱ्या गवतावर वाढलेली. विश्वविजेता भारत सातवा आला. अस्लम त्या संघात होता. त्यानंतर त्याची वाट अरुंद होत गेली. १९८२ साली, अजून तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने आत्मचरित्र लिहिले. नाव ठेवले ‘टू हेल विथ हॉकी’. म्हणजे हॉकी गेली खड्ड्यात! ज्या खेळाने घराण्याला नाव दिले त्याला उद्देशून हे शब्द लिहिताना माणूस किती दुखावला असेल, ते या तीन-चार शब्दांतच कळते. पुढे तो राजकारणात गेला. आमच्या अमरावतीला लागून असलेल्या बैतुलमधून १९८४ आणि १९९१ साली लोकसभेवर निवडून आला. बैतुलच्या मुलताई भागात आजही घराघरांत मराठी बोलतात. नरसिंह रावांच्या काळात तो राज्यमंत्री झाला. म्हणजे एका अर्थी त्याचे चांगले झाले.

सगळ्यांचे तसे झाले नाही. सुरजितसिंग १९८४ साली मोटार अपघातात गेला. आणि शंकर लक्ष्मण? महू हे बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तिथलाच हा मुलगा. सैन्यात वाजंत्री पथकात भरती झाला आणि मराठा लाइट इन्फंट्रीत राहून भारताचा गोलरक्षक झाला. १९५६ चे ते शून्य त्याचे. १९६० ला रोममध्ये एका गोलाने सुवर्ण हुकले, १९६४ ला टोकियोत पाकिस्तानला १-० ने हरवून ते परत आणले, तेव्हाही गोलात तोच. १९६६ ला आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण आणले. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री. शेवटी महूलाच पायाच्या गँगरीनने आणि पैशाच्या ओढगस्तीने त्याला गाठले. २००६ च्या एप्रिलमध्ये तो गेला. देशाचे दार राखणाऱ्याच्या दारात शेवटी कोणी गेले का, हा प्रश्न त्या बातमीनंतर अनेकांनी विचारला, आणि चार दिवसांनी विसरून गेले.

१९८२ च्या त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली. १ डिसेंबर, दिल्ली, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. गोलरक्षक होता मीररंजन नेगी. बचाव फुटला होता, पण सात गोल मोजले गेले एकट्या नेगीच्या नावावर. त्याने पैसे खाल्ले, तो विकला गेला, अशा अफवा उठल्या. त्याच्या नावातल्या ‘मीर’ या शब्दावरून तो मुसलमान असल्याचे काहींनी परस्पर ठरवून टाकले. नेगी हा कुमाऊँकडचा हिंदू घरातला. म्हणजे पहा, संशय आधी तयार होता. माणसाला फक्त त्याच्या मापात बसवायचे होते. नेगी कैक वर्षे खेळापासून दूर राहिला. १९९८ साली बँकॉकला भारताने आशियाई सुवर्ण जिंकले तेव्हा तो गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून परतला होता. २००७ साली ‘चक दे इंडिया’ आला, त्यातल्या प्रशिक्षकाच्या बदनामीच्या कथेशी नेगीचे नाव कायमचे जोडले गेले.

त्या काळात शाळेत जाणाऱ्या माझ्यासारख्यांना एक प्रश्न हमखास विचारला जायचा. सामना भारत-पाकिस्तानचा असला की, ‘तू कोणाच्या बाजूने?’ विचारणारी पोरे वाईट नव्हती. माझ्याच डब्यातली भाजी खाणारी होती. पण हा प्रश्न वर्गातल्या एकाच कोपऱ्याला विचारला जातो हे त्यांच्या ध्यानात येत नव्हते, आणि माझ्या येत होते. म्हणून मला फुलबॅक समजतो. त्याने रोजच्या रोज अडवायचे आणि तरी एका चेंडूवर त्याची निष्ठा तोलली जाणार.

हे जुने झाले असे म्हणता येत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिकेटच्या सामन्यात पाकिस्तानकडून हार झाली आणि मोहम्मद शमीवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा पाऊस पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोला महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, तर हरिद्वारजवळच्या गावात वंदना कटारियाच्या घरासमोर तिच्या जातीवरून अपमान करण्यात आला. २०२२ साली पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला तर अर्शदीपसिंगला खलिस्तानी ठरवले गेले. एक मुसलमान, एक दलित, एक शीख. झेल सगळ्यांच्याच हातून सुटतात. पण काहींचा सुटलेला झेल हा झेल राहत नाही.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. फुलबॅकची किंमत आज वाढली आहे, अगदी रुपयांत. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक नावाचा फेकीसारखा फटका आला आणि तो मारणारे बहुतेक बचावपटू निघाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्य जिंकले. कर्णधार हरमनप्रीतसिंग बचावपटू आहे आणि त्याने त्या स्पर्धेत दहा गोल केले. स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या लढतीतले भारताचे दोन्ही गोल त्याचेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, त्यात सर्वांत जास्त बोली लागली ती हरमनप्रीतवर. ७८ लाख रुपये. शंकर लक्ष्मणच्या पिढीला हा आकडा कहाणीतला वाटला असता. अस्लमच्या पिढीतला हॉकीपटू नोकरीच्या आधारावर खेळायचा. रेल्वे, विमान कंपनी, पोलीस, सैन्य. खेळ सुटला की खुर्ची उरायची, तीही नशीब असेल तर.

पण पॅरिसच्या स्पर्धेतला मला आवडलेला सामना वेगळा आहे. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास या बचावपटूला लाल कार्ड मिळाले. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. पुढचे मागे आले, मधले मागे आले. ज्याला जिथे भोक दिसले तिथे तो उभा राहिला. १-१ अशी बरोबरी टिकली आणि शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. गोलात श्रीजेश होता. त्या दिवशी सगळा संघच फुलबॅक झाला होता. गेलेल्या एका माणसाची जागा बाकीच्यांनी मिळून राखली.

आज बुलढाण्याची पोरे धनुर्विद्येत जगभर नाव काढत आहेत. प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णातही तो होता. म्हणजे लहान जिल्ह्यातला मुलगा मोठ्या मैदानावर पोहोचतो, हे आता सांगण्याची गोष्ट राहिली नाही. उद्या त्यातला कोणी चुकेल. खेळ आहे, चुकणारच. त्या दिवशी त्याचे आडनाव न वाचता त्याचा खेळ पाहता आला, तर आपण अस्लम शेर खानचा तो फटका नीट पाहिला असे म्हणता येईल. आणि मैदान सोडून वीस-तीस वर्षे झालेला एखादा जुना खेळाडू तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असेल, तर येत्या रविवारी त्याच्याकडे जाऊन बसा. गोल किती केले हे सगळेच विचारतात. तुम्ही किती अडवले ते विचारा.